काट्याची साक्ष

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चार काटे आहेत आणि तीन तांबडे दिवे. गेल्या वर्षापर्यंत या सात जणांपैकी एकाशीही माझे धड पटत नव्हते. उष्णतेचा काटा उगाच संतापे, डिझेलचा काटा मनाला येईल तेव्हा टाकी भरी आणि मनाला येईल तेव्हा रिकामी करी, तेलाचा दिवा तर कायमचे मौनव्रत घेऊन बसला होता. आणि मी या सर्वांकडे, लग्नघरातल्या रुसलेल्या पाहुण्यांकडे पाहावे तसे, हसतमुखाने दुर्लक्ष करीत होतो. या दुर्लक्षाची किंमत मला पांगरीच्या पुढच्या चढावर मोजावी लागणार होती. ती थोडक्यात टळली. कशी टळली, ते सांगण्यासाठी हा लेख.

गाडीला आम्ही मोटारघर म्हणतो, पण तो शब्द तिला जरा भारदस्तच होतो. मुळात ती पंचवीस वर्षांची डिझेल मिनीबस. उमेदीची वर्षे तिने शाळेची पोरे आणि लग्नाची वऱ्हाडे वाहिली. मी ती घेतली ती आईसाठी. आईचे वय ब्याऐंशी. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला अर्ध्या तासावर बसवत नाही. तुळजापूरची भवानी आणि पंढरीचा विठोबा पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढेच तिचे मागणे. "बसून यायचं माझ्यानं होणार नाही बाबा, निजून नेशील तर येते," असे ती एकदा सहज बोलली आणि ते शब्द माझ्या मनात घर करून राहिले. म्हणून जुनी गाडी शोधली, कागदपत्रांचे सोपस्कार उरकले, बाके काढून टाकली, एक पलंग, दोन शेगड्या, पाण्याची शंभर लिटरची टाकी आणि देवघराएवढे एक कपाट बसविले. सुताराने तळाला प्लायवूड ठोकले, रंगाऱ्याने आतून-बाहेरून रंग दिला. गाडी नवरीसारखी दिसू लागली आणि त्याच दिवसापासून तिचे काटे बिघडले.

माझे वैद्यक

बिघाड असा होता. दिवसा गाडी चालविली तर उष्णतेचा काटा शहाण्यासारखा मध्यावर राही. संध्याकाळी पुढचे दिवे लावले की तोच काटा दोन-तीन रेघा वर चढून तांबड्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर थरथरत उभा राही, आणि त्याच क्षणी डिझेलचा काटा किंचित खाली येई. दिवे मालवले की दोघेही आपापल्या जागी. दिवे लावल्याने इंजिन तापते आणि डिझेलही आटते, असा काही नवा शोध लागला असावा अशी शंका मला येऊ लागली.

मग मी, चारचौघे करतात तेच केले. काटा चुकीचे दाखवितो तर सेन्सर गेला असणार, असे ठरवून नवा सेन्सर आणला. हा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा एक पितळी बोल्ट. इंजिनातून गरम पाणी जिथून रेडिएटरकडे निघते तिथे तो पाण्यात टोक बुडवून बसलेला असतो. त्याच्या पोटात धातूच्या ऑक्साइडची एक गोळी असते. गोळी गार असली की विजेला अडवते, तापली की वाट सोडते. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा अडथळा पाणी गार असताना काही शेकडो ओहम असतो आणि उकळीच्या आसपास चाळीसवर येतो. गाडीगणिक आकडा निराळा, पण तऱ्हा तीच. वीज जितकी जास्त जाईल तितका काटा वर. बस्स, एवढीच ती यंत्रणा.

नवा सेन्सर बसविताना तो गळू नये म्हणून मी त्याच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप चांगली पाच-सहा वेढे गुंडाळली. आणि काय आश्चर्य! दिवे लावले तरी काटा मध्याच्या वर जाईना. पंधरा दिवस मी स्वतःवर खूश होतो. शेजारच्या दोन मंडळींना मी मोटारविद्येवर फुकट सल्लाही दिला.

सोळाव्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. बॅटरी बदलली, तरी कण्हणे थांबेना. मग मात्र मी मुकाट्याने तुळजापूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रींचा पत्ता काढला.

लिंबाखालची शाळा

या मिस्त्रींचे गॅरेज म्हणजे एक लिंबाचे झाड, त्याखाली एक बाज आणि हत्यारांची एक पेटी. त्यांनी माझे सर्व पुराण शांतपणे ऐकून घेतले आणि गाडीला हातही न लावता विचारले, "गुरुजी, काटा एकच बिघडलाय का सगळे?"

"दोन तर नक्कीच. आणि स्टार्टरही."

"मग एकट्या सेन्सरला कशाला धरलं? घरातली चार लेकरं एकाच दिवशी आजारी पडली तर प्रत्येकाला वेगळं औषध नसतं द्यायचं. हिरीचं पाणी बघायचं असतं."

त्यांच्या सगळ्या विद्येचे सार या एका वाक्यात होते. एकच काटा बिघडला तर त्या काट्याची वायर, त्याचा सेन्सर, तो स्वतः, यांची चौकशी करावी. अनेक काटे एकदम बिघडले तर त्या सर्वांमध्ये सामाईक काय आहे ते पाहावे. सामाईक दोनच गोष्टी असतात: वीज येण्याची वाट आणि वीज परत जाण्याची वाट. येण्याच्या वाटेवर फ्यूज असतो, आणि जुन्या गाड्यांत काट्यांना पुरविला जाणारा दाब सारखा ठेवणारी एक लहानशी डबी असते. ती बिघडली की सगळे काटे एकजात वर किंवा एकजात खाली जातात. परतीच्या वाटेला आपण अर्थिंग म्हणतो. घरातल्या विजेला दोन तारा लागतात. मोटारीत मात्र एकच तार असते आणि परतीचा प्रवास गाडीच्या लोखंडातून होतो.

मिस्त्रींनी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला लावले, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि मला स्टार्टर मारायला सांगितले. ही दोन ठिकाणे एकमेकांशी जोडलेली. त्यांच्यात फरक दिसला तरी अर्ध्या व्होल्टच्या आतला दिसावा. मीटरने तीन व्होल्टच्या वर दाखविले.

"सापडलं," ते म्हणाले, आणि गाडीखाली सरपटत गेले.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. काम करताना कोणीतरी ती सोडली होती आणि नंतर नव्याकोऱ्या रंगावरच आवळून टाकली होती. वर अर्ध्या तारा तुटलेल्या. स्टार्टरची सगळी वीज त्या चिंचोळ्या वाटेने परत जाणार, म्हणून तो कण्हत होता. आणि दिव्यांचे कोडेही तेच. गाडी चालू असताना दिव्यांना वीज देतो तो अल्टर्नेटर इंजिनाला जोडलेला, दिवे मात्र सांगाड्याला. म्हणजे परतीची वीज त्या पट्टीतूनच यायची. वाट खराब असली की इंजिन आणि सांगाडा यांच्यात व्होल्टचा फरक पडतो. उष्णतेचा सेन्सर इंजिनावर, डिझेलचा सांगाड्यावरच्या टाकीत. म्हणून एक वर जाई आणि दुसरा खाली. इंजिन तापत नव्हते, डिझेल आटत नव्हते. खोटा बोलत होता तो साक्षीदारांचा दुभाषा.

"आणि मग तो पंधरा दिवस बरा कसा राहिला?" मी विचारले.

मिस्त्रींनी सेन्सर काढला, माझी पांढरी टेप नखाने सोलली आणि माझ्या हातावर ठेवली. सेन्सरला अर्थिंग मिळते ते त्याच्या आट्यांमधून. मी तिथे रबरी सदरा चढविला होता. त्यामुळे वीज कमी जाऊ लागली आणि काटा खाली आला. एक दोष काटा वर ढकलीत होता, दुसरा खाली ओढीत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत काटा मध्यावर दिसत होता. पंधरा दिवस मी ज्या काट्यावर खूश होतो तो काटा काहीच सांगत नव्हता.

पट्टी नवी घातली, खालचा रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडला. संध्याकाळी दिवे लावले. दोन्ही काटे जागचे हलले नाहीत.

साक्षीदाराची उलटतपासणी

त्यानंतर मी लिंबाखाली वारंवार जाऊ लागलो. तिथे जे शिकलो ते जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

उष्णतेचा काटा एकटाच संशयास्पद वाटला तर चावी फिरवावी, इंजिन बंदच ठेवावे आणि सेन्सरची वायर काढावी. काटा अगदी गार दाखवील. मग तीच वायर एका लहान बल्बमधून इंजिनाच्या धातूला क्षणभर टेकवावी. काटा वर धावेल. सरळ टेकवू नये, काही काटे त्याने जळतात. दोन्ही वेळा काटा हलला तर काटा आणि वायर निर्दोष; मग सेन्सरकडे वळावे. सेन्सरची परीक्षा तर घरच्या घरी होते. एका टाकाऊ पातेल्यात पाणी घ्यावे, त्यात सेन्सरचे टोक आणि थर्मामीटर सोडावा, मल्टिमीटर लावावा आणि खाली शेगडी पेटवावी. पाणी तापत जाईल तसा ओहमचा आकडा पायरीपायरीने उतरला पाहिजे. मी हा प्रयोग गाडीतल्या शेगडीवर केला तेव्हा आईने पलंगावरून विचारले, "अरे, बोल्ट शिजायला किती वेळ लागतो?"

डिझेलच्या काट्याचे दुखणे निराळे. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो. तो वरखाली होताना त्याच्या दांड्याचे टोक एका तारेच्या वेटोळ्यावर घासत जाते. आपण बहुधा अर्ध्या टाकीवरच गाडी चालवितो, म्हणून मधल्या भागातली तार झिजते आणि काटा नेमका अर्ध्यावर उड्या मारू लागतो. हा दोष गाडी अडवीत नाही. फक्त टाकी भरल्यावर किलोमीटर लिहून ठेवण्याची सवय लागते, आणि ती चांगलीच आहे.

खरे भय तेलाच्या दिव्याचे. चावी फिरविली आणि इंजिन अजून सुरू व्हायचे आहे, अशा वेळी हा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर क्षणा-दोन क्षणांत विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो कधी लागतच नव्हता आणि मी त्याला शुभलक्षण समजत होतो. मिस्त्रींनी पाहिले तो त्याची वायर कोणीतरी काढून, टोकाला चिकटपट्टी लावून, नीट गुंडाळून ठेवलेली! गाडी गरम झाल्यावर दिवा लुकलुकत असणार आणि आधीच्या कोणा चालकाला त्याचा कंटाळा आला असणार. दिव्याचे तोंड बंद केले की कटकट संपली.

वायर जोडताच दिवा पुन्हा लुकलुकू लागला. आता प्रश्न असा, की तेलाचा दाब खरोखरच कमी आहे की दिव्याचा स्विच खोटा बोलतो? इथे तर्क चालत नाही. दाब खरा कमी असेल तर इंजिनाच्या बेअरिंगांचा निकाल लागलाच म्हणायचा. मिस्त्रींनी स्विच काढून त्या जागी साधा यांत्रिक दाबमापक बसविला. त्याला वीज नको, बॅटरी नको. युजेन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४९ साली त्याचे पेटंट घेतले आणि आजही तो जगभर तसाच चालतो. जत्रेत पोरे फुंकतात ती गुंडाळलेल्या कागदी नळीची पिपाणी आठवा. फुंकर मारली की नळी उलगडते, श्वास सोडला की पुन्हा वेटोळे. दाबमापकाच्या पोटात अशीच एक वाकलेली धातूची नळी असते. तेलाचा दाब आत शिरला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. इंजिन गरम, मंद चालीवर: एक किलोच्या थोडे वर. वेग दिल्यावर तीनच्या वर. जुन्या डिझेल इंजिनाला हे पुष्कळ झाले. दोष स्विचचाच होता. नवा बसविला आणि दिव्याने रीतसर लागून रीतसर विझण्यास सुरुवात केली.

वाफेचे इंजिन आणि दोन काचा

मिस्त्रींचे वडील बार्शी लाइट रेल्वेवर फायरमन होते. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ती छोटी गाडी आमच्या भागातल्या जुन्या मंडळींच्या अजून स्मरणात आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत ती सुरू झाली, १९०६ साली पंढरपुरास पोहोचली, १९११ साली येडशीवरून लातुरास आणि १९२७ साली मिरजेस. पुढे रूळ रुंद झाले, मार्ग बदलला, आणि वाफेची इंजिने इतिहासजमा झाली.

"आमचा बाप सांगायचा," मिस्त्री म्हणाले, "इंजिनात पाणी किती हाय ते बघायला काचेची नळी असती. पण एक नसती, दोन असत्यात. का सांगा?"

मी म्हणालो, "एक फुटली तर दुसरी असावी म्हणून."

"ते बी हायच. पण खरं कारण येगळं. खालचं भोक गाळानं बुजलं तर काचेत पाणी दिसत राहतं आन् बॉयलर रिकामा होत जातो. म्हणून दर थोड्या वेळानं खालची तोटी उघडायची, काचेतलं पाणी सोडून द्यायचं, आन् ते झटक्यात परत भरतं का बघायचं. परत भरलं तर काच खरी. काचेत पाणी दिसतं म्हणून बॉयलरात हाय, असं समजणारा फायरमन जास्त दिवस जगत नसतो."

मग थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "तुमचा काटा बी तसाच हाय. त्याला इंजिन दिसत नाही. त्याच्या नाकाशी जे पाणी हाय तेवढंच त्याला कळतं. काटा वर गेला तर गाडी थांबवा. आन् चढावर, कारण नसताना खाली आला, तर वर गेल्यापेक्षा लवकर थांबवा."

मी मान डोलावली. खरे सांगायचे तर दुसऱ्या निम्म्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा उमगला नव्हता.

पांगरीच्या पुढे

कोजागरीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. पलंगावर आई, तिच्या पायाशी सौभाग्यवती, चाकावर मी. तुळजापूरला आईला खुर्चीत बसवून देवीपुढे नेले. सोलापूरवरून पंढरपूर गाठले. तिथे दोन दिवस राहिलो. आई निजूनच चंद्रभागेचा वारा खात होती. परतीला कुर्डुवाडी, बार्शी असा जुन्या रेल्वेचाच मार्ग धरला, कारण आईचे माहेर बार्शीचे. भगवंताच्या देवळाचा कळस दिसताच ती उशीवरून उठून बसली आणि लहानपणी येडशीच्या चढावर आगगाडी इतकी हळू चाले की पोरे उतरून शेजारून चालत, ही कथा तिने आम्हाला तिसऱ्यांदा सांगितली.

बार्शीहून निघायला दुपार झाली. आश्विनातले ऊन कडक होते. पांगरी मागे पडली आणि रस्ता बालाघाटाच्या कडेला चढू लागला. गाडी भरलेली, गिअर दुसरा. उष्णतेचा काटा मध्यापासून दोन रेघा वर चढला. चढावर एवढे चालायचेच. मी लक्ष ठेवून होतो. आणि मग तो हळूहळू उतरू लागला. मध्यावर आला. मध्याच्याही खाली गेला.

मला आनंद झाला. रामलिंगाच्या रानाचा वारा लागत असणार, असे मी मनाशी म्हटले. एवढी वर्षे या काट्याने मला उगाच भेदरविले होते; आज तो मला शाबासकी देत होता. मी खिडकीत कोपर टेकून जरा आरामात बसलो.

इतक्यात मागून आईचा आवाज आला. "अरे, इथं कुठं गुऱ्हाळ आहे का? काकवीचा वास येतोय."

"असेल आई."

"नाही रे. गाडीतच येतोय. माझ्या उशाशी."

आईची उशी इंजिनाच्या झाकणाला लागून होती. त्या रानात गुऱ्हाळ कुठले असणार? आणि एकदम माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या. रेडिएटरच्या पाण्यात जे कूलंट घालतात त्याला गोडसर वास असतो. आणि काटा, चढावर, कारण नसताना, खाली आला होता.

मी गाडी कडेला घेऊन तत्क्षणी इंजिन बंद केले. झाकण उचलले तर वाफेचा लोट. वरचा होज पाईप क्लिपपाशी लांबलचक फाटला होता आणि सगळे पाणी रस्त्यावर सांडत आले होते. सेन्सर जागचा जागी होता, वायर शाबूत होती, काटा निर्दोष होता. फक्त सेन्सरच्या नाकाशी पाणीच उरले नव्हते. तो कोरड्या पोकळीत लटकत होता आणि प्रामाणिकपणे सांगत होता की इथे काही फारसे गरम नाही. इकडे त्याच्या वीतभर पलीकडे लोखंड होरपळत होते.

आणखी दोन-तीन किलोमीटर तसाच गेलो असतो तर काय झाले असते हे मिस्त्रींनी मागाहून सांगितले. ॲल्युमिनियमचे असो वा बिडाचे, सिलिंडरचे हेड वाकते किंवा तडकते, गॅस्केट जळते, आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला चिकटून इंजिन जागच्या जागी जाम होते. भर चढावर, अवजड गाडीत, पलंगावर ब्याऐंशी वर्षांची आई.

त्या क्षणी हात शिवशिवत होते ते रेडिएटरचे झाकण उघडून पाणी ओतण्यासाठी. ते मी केले नाही, आणि कोणी करू नये. रेडिएटर म्हणजे कुकरच. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण उघडताच ते एकदम उकळून तोंडावर येते. आणि तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतले तर ते तडकते. आम्ही तासभर थांबलो. सौभाग्यवतींनी शेगडीवर चहा केला. मग फाटलेला तुकडा सुरीने कापून टाकला, पाईप ओढून पुन्हा बसविला, क्लिप आवळली. घरच्या टाकीतले पाणी इंजिनाला दिले, थोडेथोडे, इंजिन मंद चालू ठेवून. तेलाची पट्टी ओढून पाहिली: तेल दुधाळ झाले नव्हते, म्हणजे पाणी तेलात उतरले नव्हते. काटा हळूहळू मध्यावर आला आणि तिथेच राहिला. झाकण एका खाचेवर सैल ठेवून, दाब न साठू देता, आम्ही येडशीपर्यंत गोगलगाईच्या गतीने आलो. आईच्या आगगाडीपेक्षा वेग जास्त नसावा.

दुसरी काच

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी हे सर्व सांगितले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तो जुना खोटा काटा असता तर?"

तो प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. अर्थिंग खराब असते तर काटा खाली आला तरी मी म्हटले असते, नेहमीचीच त्याची तऱ्हा. आईने वास सांगितला असता तरी दोन्हींचा मेळ माझ्या मनात बसला नसता, कारण त्यातल्या एका साक्षीदाराला मी केव्हाच खोटा ठरवून मोकळा झालो होतो. काटा वेडावाकडा फिरतो, त्याने इंजिनाचे काहीच बिघडत नाही. बिघडतो तो चालवणारा. त्याला न पाहण्याची सवय लागते. तेलाच्या दिव्याची वायर गुंडाळून ठेवणारा तो अज्ञात चालक आणि मी, दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी होतो.

आता गाडीला दुसरी काच आहे. हेडच्या एका बोल्टखाली वॉशरसारखा एक सेन्सर बसविला आहे. तो पाण्याची नव्हे, लोखंडाची उष्णता सांगतो आणि ठराविक अंशाच्या वर गेला की घंटा वाजवितो. पाणी असो वा नसो, लोखंड तापले की त्याला कळते. शिवाय पाण्याच्या टाकीत पातळी उतरली की लागणारा एक दिवा आहे. एकूण खर्च एका सणाच्या मिठाईएवढा.

नव्या मोटारींचे मालक म्हणतील, आम्हाला याचे काय? आमच्या गाडीत संगणक आहे. खरे आहे. आजच्या गाड्यांत सेन्सर डझनावारी असतात आणि स्कॅनर लावला की कोणता रुसला त्याचा क्रमांक पडद्यावर येतो. पण तो क्रमांकही साक्षच असते. सेन्सरने सांगितलेले खोटे आहे की सेन्सर खरे सांगतो आहे, हे मल्टिमीटर घेऊन कोणीतरी पाहावेच लागते. आणि एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते: बऱ्याच नव्या गाड्यांत उष्णतेचा काटा मुद्दामच मधल्या मोठ्या पट्ट्यात स्थिर ठेवतात, मालकाने उगाच घाबरू नये म्हणून. तिथे काटा हलला तर समजावे की पाणी गळ्याशी आले.

हे लिहीत असताना दिवाळी तोंडावर आली आहे. पाडव्याला आईला येरमाळ्याच्या येडेश्वरीला न्यायचे ठरले आहे. घरात दिवा विझू नये म्हणून ती वाती सारीत असते. गाडीत मात्र तिने माझ्याकडून नवा नियम शिकून घेतला आहे. मी चावी फिरवितो आणि थांबतो. मागून तिचा प्रश्न येतो, "लागले का सगळे?"

"लागले."

मग मी स्टार्टर मारतो.

"विझले का?"

"विझले, आई."

"मग चल," असे म्हणून ती नाक वर करून एकदा हवा हुंगते आणि डोळे मिटून पडून राहते.